वॉर्डात चोवीस तास परिचारिका, निर्णयाच्या टेबलावर मात्र नाही!

मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाण्याचे मनोरुग्णालय फार दूर नाही. 1901 साली सुरू झालेले, 1,850 खाटांचे. आपल्या वस्त्यांत 'ह्याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा आजही चालते. पण तिथे रात्रभर रुग्णाजवळ जागणाऱ्या परिचारिकेचा इतिहास आपण कधी वाचला आहे का?

तो इतिहास श्रेणीबद्ध विषमतेचाच आहे. रक्त, मलमूत्र, परक्याचा देह या सगळ्याला विटाळ मानणाऱ्या समाजाने शुश्रूषेला हलके काम ठरवले. म्हणून सवर्ण घरांनी मुलींना बराच काळ या पेशापासून दूर ठेवले आणि सुरुवातीच्या परिचारिकांत ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन स्त्रियाच मोठ्या संख्येने दिसतात. सावित्रीमाईंनी हा विटाळ मानला नाही. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्या गेल्या. शिकवणारा हात आणि शुश्रूषा करणारा हात एकच असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आता कायदा पाहा. 1912 च्या लुनसी ॲक्टचा भर रुग्णाला कोंडण्यावर होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला हक्क दिले आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मनोरुग्ण परिचारिकेसाठी एक जागा ठेवली. अट, किमान 15 वर्षांचा अनुभव. पण दाखल केलेल्या रुग्णाची तक्रार जिथे ऐकली जाते, त्या पुनर्विलोकन मंडळावर न्यायाधीश आहे, जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधी आहे, दोन डॉक्टर आहेत, रुग्ण, काळजीवाहक वा संस्थांचे दोन प्रतिनिधी आहेत. परिचारिकेची जागा नाही!

कोणी म्हणेल, डॉक्टर असताना परिचारिका कशाला? डॉक्टर राउंड घेऊन जातो. रुग्ण कुणाला घाबरतो, त्याला कोणी हिणवले, तो रात्री काय बडबडतो, हे परिचारिकेला कळते. अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाऊ साध्या नर्सिंग शाळेतून आल्या. परिचारिका व रुग्ण यांचे नातेच उपचार आहे, हे सांगणारे त्यांचे पुस्तक 1948 मध्ये तयार होते. सहलेखक म्हणून डॉक्टर नाही, या कारणाने ते 1952 पर्यंत रखडले. पुढे त्याच अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे उतरंड तिथेही होती, आणि ती मोडताही आली.

मित्रांनो, रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्यानंतर जात मनावर काय घाव घालते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मग हा घाव ओळखणारी माणसे उपचाराच्या व्यवस्थेत निर्णय घेणाऱ्या जागी नकोत का?

आपल्या अनेक मुली जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करतात आणि नोकरी लागली की थांबतात. घरची ओढाताण असते, हे खरे आहे. तरीही मनोरुग्ण परिचर्येची एक वर्षाची पदविका, पुढे एमएस्सी, हा मार्ग त्यांना सांगा. फीसाठी वस्तीत वर्गणी काढा. आणि चळवळीच्या मागण्यांत दोन ओळी घाला : परिचारिकांची राखीव पदे वेळेवर भरा, पुनर्विलोकन मंडळावर परिचारिकेला जागा द्या.

बाबासाहेबांनी प्रतिनिधित्व मागितले ते केवळ विधिमंडळापुरते नव्हते. जिथे माणसाच्या आयुष्याचा निर्णय होतो, तिथे आपण असलेच पाहिजे. मनोरुग्णालयही त्यातच येते.

जय भीम!