मुंबई–लंडन हवाई वाट

मुंबई आणि लंडनचे हीथ्रो या विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेली ही सर्वांत जवळची वाट बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन आणि जर्मनीवरून जाते. प्रत्यक्षात विमानांना ही वाट क्वचितच जशीच्या तशी मिळाली. प्रवासाचा वेळ यंत्राच्या वेगाइतकाच मुक्कामांनी आणि परवानग्यांनी ठरवला, हे या मार्गाच्या इतिहासात ठळक दिसते.

इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू केली. प्रवासाला सात दिवस लागत आणि भाडे १३० पौंड होते. लंडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बासेलपर्यंत, तिथून रेल्वेने जिनोआ, मग समुद्री विमानाने अलेक्झांड्रिया, पुन्हा रेल्वेने कैरो आणि शेवटी बगदाद, बसरामार्गे कराची, असा तो प्रवास होता. बासेल ते जिनोआ हा रेल्वेचा टप्पा हौसेचा नव्हता. फ्रान्सकडून येणाऱ्या ब्रिटिश विमानांना इटली आपल्या हद्दीत येऊ देत नव्हता. पुढे १९३२ मध्ये इराणचा किनारा सोडून हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूला, शारजाकडे वळवावा लागला.

कराचीच्या पुढे मुंबईपर्यंतची कडी जोडली ती जे. आर. डी. टाटा यांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पुस मॉथ या छोट्या विमानातून लंडनहून आलेले टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणले. जुहूची धावपट्टी म्हणजे साधे मातीचे मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत सेवा पुण्याहून चाले. भारतीय नागरी विमानसेवेची सुरुवात इतक्या अपुऱ्या साधनांवर झाली, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा हे थांबे घेत १० जूनला लंडनला उतरले. सात दिवसांची वाट दोन दिवसांच्या आत आली होती. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी लंडनला जाताना माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि त्यातील सर्व ४८ जण मरण पावले.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. कॉन्स्टेलेशनच्या ताशी सुमारे ५०० किलोमीटरच्या जागी सुमारे ९०० किलोमीटरचा वेग मिळाला. पुढे अधिक इंधन वाहणाऱ्या विमानांमुळे मधले थांबेही गेले.

आज मुंबईहून थेट लंडनला साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने परतीला वेळ कमी लागतो. मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागू लागला आणि ७,२०० किलोमीटरच्या वाटेत किलोमीटर व मिनिटे, दोन्हींची भर पडली.