सात शिलिंगांचा संसार

सोयरीक ठरवितांना वधूपिता पहिली चौकशी करतो ती मुलाच्या मिळकतीची. आधीं कमाई आणि मग लग्न, हा क्रम सर्वांच्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु लग्नसंसार गृहीत धरून पुरुषाची कमाई ठरवावी, असा उलट क्रमहि एका देशानें दोन पिढ्यांहून अधिक काळ पाळला. तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया.

मेलबर्न शहराजवळ सनशाइन येथें एच. व्ही. मॅके यांचा शेतकीच्या यंत्रांचा मोठा कारखाना होता. १९०६ सालच्या एका कायद्यानें अशा यंत्रांवर अबकारी कर बसविण्यांत आला. मात्र जो कारखानदार आपल्या कामगारांस न्याय्य व वाजवी वेतन देईल, त्यास तो माफ होता. मॅके यांनीं माफीसाठीं अर्ज केला व तो न्यायमूर्ति हेन्री बोर्न्स हिगिन्स यांच्यापुढें आला. वाजवी वेतन म्हणजे किती, हें कायद्यांत कोठेंच सांगितलेलें नव्हतें.

हिगिन्स यांनीं मालकाच्या नफ्यातोट्याचा विचार बाजूस ठेवला आणि मजुराच्या घरखर्चाचा हिशेब मागविला. मेणबत्तीच्या कारखान्यांत पूर्वीं काम करणाऱ्या एका मजुराच्या पत्नीनें साक्ष दिली कीं, नवऱ्यास आठवड्यास ३६ शिलिंग मिळत, तेव्हां आठवड्यांतून सुमारें तीन दिवस त्याच्या ताटांत मांस वाढतां येत नसे. सुमारें पांच माणसांच्या कुटुंबाचा घरभाडें, वाणसामान, पाव, मांस, दूध, सर्पण व भाजीपाला एवढ्याचाच खर्च आठवड्यास सरासरीनें ३२ शिलिंग ५ पेन्स निघाला. कपडे, जोडे, भांडीकुंडी, आजारपण, मुलांच्या शाळेचें सामान, वर्तमानपत्र, हें सारें त्याखेरीज. ८ नोव्हेंबर १९०७ रोजीं निकाल झाला. अकुशल मजुरासहि दिवसास ७ शिलिंगांहून कमी देणें वाजवी नव्हे, असें हिगिन्स यांनीं ठरविलें. मॅके यांच्याकडे असा मजूर ६ शिलिंगांवर राबत होता.

१९०८ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो मूळ कायदाच घटनाबाह्य ठरविला. तथापि हिगिन्स हे औद्योगिक लवाद न्यायालयाचे अध्यक्ष असल्यामुळें पुढील निवाड्यांतून त्यांनीं हेंच माप कायम ठेवलें. मजुराच्या पोटाची काळजी न्यायासनानें वाहावी, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

परंतु या मापांतच एक अडचण दडलेली होती. वेतन ठरलें संसारी पुरुषाच्या गरजेवरून, पण तें मिळे प्रत्येक पुरुषास, मग तो ब्रह्मचारी कां असेना. अविवाहितास कमी द्यावें, तर मालक अविवाहितच निवडील आणि लेंकुरवाळा दारांत उभा राहील! १९२० सालीं ए. बी. पिडिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें नवरा, बायको व तीन मुलें यांच्या निर्वाहास आठवड्यास सुमारें ५ पौंड १६ शिलिंग लागतात, असा अहवाल दिला. हें वेतन सर्वांस द्यावयाचें, तर मालकांस ४,५०,००० अस्तित्वांत नसलेल्या बायका आणि २१,००,००० अस्तित्वांत नसलेलीं मुलें पोसावीं लागतील, असें स्वतः पिडिंग्टन यांनींच दाखवून दिलें. वेतन जोडप्यापुरतें असावें आणि मुलांसाठीं निराळा भत्ता असावा, हा त्यांचा तोडगा. न्यू साउथ वेल्स प्रांतानें तसा भत्ता १९२७ सालीं सुरू केला. १९४१ पासून तो सर्व देशांत, पहिलें मूल वगळून प्रत्येक मुलामागें आठवड्यास ५ शिलिंग याप्रमाणें, मिळूं लागला.

खरी झळ लागली ती स्त्रियांस. पुरुषाच्या वेतनांत बायकोमुलांचा वांटा धरलेला, म्हणून स्त्रीनें फक्त स्वतःपुरतें मिळवावें, असा न्याय निघाला. १९१९ सालीं शिवणकामाच्या धंद्यांतील निवाड्यांत हिगिन्स यांनीं स्त्रियांस पुरुषांच्या मूळ वेतनाच्या सुमारें ५४ टक्के वेतन दिलें. एकाच शहरांत एकट्या जिवाच्या तरुणास नसलेल्या कुटुंबाचें वेतन मिळे आणि पदरीं लेंकरें असलेल्या विधवेस एकटीचें! १९६९ सालीं समान कामास समान वेतन हें तत्त्व मान्य झालें, १९७२ सालीं समान मोलाच्या कामासहि तें लागू झालें, आणि १९७४ सालीं किमान वेतन स्त्रियांस देऊन कुटुंबाचा हिशेब त्यांतून काढून टाकण्यांत आला.

भारतहि या विचारापासून दूर राहिला नाहीं. १९५७ सालीं पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनें किमान वेतनाचें माप ठरवितांना एका मिळवत्यामागें तीन माणसांचा खर्च धरला आणि स्त्रियांची व मुलांची मिळकत जमेस धरूं नये, असें सांगितलें. हेतु उदारच होता, जसा हिगिन्स यांचा होता. मात्र वेतनाचें माप एका ठराविक घरावरून कापलें, कीं निराळीं घरें उघडीं पडतात. त्या मेणबत्तीवाल्या मजुराच्या बायकोला सात शिलिंगांनीं आधार मिळाला असता. तिचा नवरा वारला असता, तर त्याच न्यायानें तिच्या हातीं त्याच्या निम्म्याहून थोडेंच अधिक पडलें असतें.