काँक्रीट हलेना, म्हणून नियम हलले

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या पाचवीला एक दुखणं पुजलेलं असतं. कोणीतरी आधी बांधून ठेवलेली सिस्टीम! तिला हात लावायचा नाही, बाकी सगळं तिच्याभोवती वाकवायचं. याचं सगळ्यात भारी उदाहरण मला संगणकाबाहेर सापडलं: हार्वर्ड विद्यापीठाचं स्टेडियम.

बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीजवळ हे स्टेडियम १९०३ साली उभं राहिलं. त्याआधी प्रेक्षक लाकडी पायऱ्यांवर बसत. आगीची धास्ती कायमची. १८७९ च्या बॅचने एक लाख डॉलर देऊ केले. प्राध्यापक लुईस जॉन्सन यांनी बांधकामाचा आराखडा केला, वास्तुरचनेला मॅकिम, मीड अँड व्हाइट ही नामांकित फर्म. आकार घोड्याच्या नालेसारखा, प्राचीन ग्रीक स्टेडियमची आठवण करून देणारा. एवढ्या मोठ्या बांधकामात आरसीसी वापरण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. वरची खांबांची रांग १९१० साली आली.

आता खेळाकडे वळू. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. इथे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. त्या काळी चेंडू पुढे फेकायला बंदी होती, त्यामुळे सगळे गठ्ठ्याने एकमेकांवर तुटून पडत. १९०५ च्या हंगामात वर्तमानपत्रांनी १८ मृत्यू मोजले. बरेचसे शाळाकॉलेजची पोरं हो! राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः हार्वर्डचे. त्यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं.

नियम करणाऱ्यांत वजनदार माणूस म्हणजे येलचे वॉल्टर कँप. त्यांचा उपाय साधा होता: मैदान रुंद करा, म्हणजे गर्दी आपोआप फुटेल. पण हार्वर्डचं काय? मैदानाच्या दोन्ही बाजूंना नुकतंच ओतलेलं काँक्रीट! लाकडी पायऱ्या असत्या तर एका सुट्टीत मागे सरकवल्या असत्या. हे कसं सरकवणार? शेवटी १९०६ साली दुसरा मार्ग निघाला, आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली.

सगळं श्रेय स्टेडियमलाच दिलं तर जरा जास्तच होईल. जॉन हाइझमनसारखे प्रशिक्षक पुढच्या पासची मागणी आधीपासूनच करत होते. पण रुंदीचा दरवाजा बंद करण्यात या काँक्रीटचा मोठा हात होता, हे नक्की. मैदानाची रुंदी आजही १६० फूटच आहे.

१९८७ साली स्टेडियमला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. मला मात्र त्याचं मोल वेगळंच वाटतं. अडचण हलत नाही म्हटल्यावर माणसं दुसरीकडे बघायला लागतात, आणि कधीकधी तिथे जास्त चांगलं काहीतरी सापडतं. जुन्या सिस्टीमला शिव्या घालताना एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. शिव्या काही थांबणार नाहीत, ती गोष्ट वेगळी!