पाहणे आणि ओळखणे

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. डोळ्यांनी पाहिले की वाद मिटला! परंतु डोळे उघडताच समोरचे जग आपोआप कळते काय? हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्याला अखेर दिल्लीला यावे लागते.

१६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू याने इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्यापुढे एक कोडे ठेवले. मॉलिन्यूची पत्नी लग्नानंतर लवकरच अंध झाली होती; त्यामुळे हा विषय त्याच्या घरातलाच होता. कोडे असे : एक जन्मांध मनुष्य चेंडू आणि चौकोनी ठोकळा हातांनी चाचपून अचूक ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता, नुसत्या नजरेने, चेंडू कोणता व ठोकळा कोणता, हे तो सांगू शकेल काय? दोघांचेही उत्तर ‘नाही’ असेच होते. लॉकने हे कोडे १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापले.

पुढे १७२८ साली विल्यम चेसेल्डन या इंग्रज शस्त्रवैद्याने एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तेरा-चौदा वर्षांच्या या मुलाचा मोतीबिंदू त्याने दूर केला होता. मुलाला प्रथम सर्व वस्तू डोळ्यांना टेकल्यासारख्या वाटत. मांजर कोणते नि कुत्रा कोणता, हेही तो विसरे. पुनःपुन्हा विचारायची लाज वाटे. शेवटी त्याने मांजर धरले, हातांनी ओळखले, टक लावून निरखले आणि मगच सोडले. हाताने डोळ्याला धडा दिला तो असा.

पण एका मुलावरून सिद्धान्त होत नाही. पवन सिन्हा या शास्त्रज्ञाच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात भारतातील अंध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा घेऊन २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदा पाहिलेली वस्तू मुले पुन्हा पाहून ओळखत. मात्र हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखताना जवळजवळ अंदाजच करीत. पण थोड्याच दिवसांत, कोणी न शिकवता, त्यांना तेही साधू लागले.

म्हणजे लॉकचे ‘नाही’ खरे ठरले, पण ते थोड्या दिवसांपुरतेच. आपणही पाळण्यात असताना पाहायला शिकलो. फक्त ती शाळा आपल्याला आठवत नाही. आणि ती शाळा बालपण सरताच बंद होते, हा समजही या मुलांनी खोटा पाडला. तेव्हा अशा एखाद्या मोठ्या मुलाला ‘आता उशीर झाला’ असे सांगण्यापूर्वी आपण त्याला डॉक्टरांकडे नेलेले बरे.