लेपर्ड गेकोच्या पेटीत कोणती माती घालावी?

लेपर्ड गेको हा पालीचा नातेवाईक, पण त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. काच किंवा भिंत चढणे त्याला जमत नाही. सारा वावर जमिनीवरच असल्यामुळे पेटीच्या तळाशी काय अंथरले आहे, हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

वाळवंटी प्राणी म्हणून त्याच्यासोबत बऱ्याचदा वाळूची पिशवीही विकली जाते. प्रत्यक्षात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या त्याच्या मूळ प्रदेशात जमीन कोरडी, खडकाळ आणि घट्ट असते. सुटी वाळू भक्ष्यासोबत पोटात जाते आणि आतडे तुंबू शकते. रंगीत 'कॅल्शियम सँड' तर टाळलेलीच बरी, कारण कॅल्शियमच्या ओढीने गेको ती मुद्दाम चाटतो.

त्यापेक्षा साधी, खत नसलेली माती साधारण ७० टक्के आणि धुतलेली बारीक, गोलसर कणांची वाळू ३० टक्के घ्यावी. मिश्रण ओलसर करून मुठीत दाबल्यावर ढेकूळ टिकले पाहिजे. टिकत नसेल तर थोडी चिकणमाती मिसळावी. ७ ते १० सेंटीमीटरचा थर दाबून बसवावा आणि पूर्ण वाळल्यावरच प्राणी आत सोडावा. नर्सरीतल्या तयार मिश्रणात खत, निंबोळी पेंड, परलाइट असे बरेच काही असते, ते नको. बांधकामाच्या क्रश सँडचे कण टोकदार असतात. नुसते कोकोपीट वाळले की धूळ उडते. देवदार किंवा पाइनच्या भुशातली तेले श्वसनाला त्रासदायक ठरतात.

जड दगड आधी थेट तळाच्या काचेवर ठेवावेत, माती नंतर घालावी. गेको बीळ उकरतो, आणि मातीवर टेकवलेला दगड खचला तर तो खाली चिरडला जातो. मातीचा थर जाड असेल तर तळाखालच्या हीट मॅटची ऊब वर पोहोचत नाही, उलट काच जास्त तापते. अशा पेटीत उष्णता वरून द्यावी लागते.

पोटात थोडी माती गेली म्हणून निरोगी गेको सहसा आजारी पडत नाही. ऊब, पाणी किंवा कॅल्शियम कमी पडले की धोका वाढतो. खाणे सोडले, विष्ठा थांबली, पोट फुगले तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

नव्याने आणलेल्या, आजारी किंवा अगदी लहान गेकोला सुरुवातीला किचन टॉवेलवरच ठेवावे. दिसायला रुक्ष, पण विष्ठा लगेच दिसते आणि जंतांची तपासणी करून घेता येते. पेटी कोणतीही असो, एका लपणात ओलसर स्फॅग्नम मॉस हवेच. नाहीतर कात टाकताना बोटांभोवती जुनी कातडी अडकते आणि बोट गळून पडू शकते.