मुदपाकखाना म्हणजे काय?



मोर्चाचा मुक्काम असो की बांधकामाचा तळ, तिथल्या स्वयंपाकाच्या जागेला आपण आता सरसकट 'किचन' म्हणतो. हॉटेलातले जुने आचारी मात्र 'भटारखाना' म्हणतात. राजवाड्याच्या आणि छावणीच्या कागदांत आणखी एक शब्द भेटतो, मुदपाकखाना.

अरबीत 'मतबख' म्हणजे शिजवण्याची जागा. आपल्याकडे त्याचं मुतबख, मुदबख झालं. 'पाक' ओळखीचाच, म्हणून मुदपाक. वर फारसी 'खाना', म्हणजे घर. जागा दोनदा सांगून झाली!

शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांच्या यादीत हा मुतबखखाना आहे, तोही तोफखाना आणि दफ्तरखान्याच्या ओळीत. धान्याचा अंबारखाना, पिण्याच्या पाण्याचा आबदारखाना, तंबू-बिछायतीचा फरासखाना हेही त्यातच. (पुण्यात फरासखाना आता पोलीस ठाण्याच्या नावात उरलाय.) कारखाना म्हणजे तेव्हा सरकारी खातं. चूल हे राज्याचं खातं होतं.

चिपळूणजवळ दळवटण्याला घोडदळाची छावणी होती. १६७०च्या दशकात महाराजांनी तिथल्या अंमलदारांना पत्र पाठवलं. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि तुमची माणसं कुणब्याच्या घरी भाकरी, फाटी, भाजी उचलायला जातील, असं त्यात बजावलंय. पुढे विस्तवाचं आहे. कोणी स्वयंपाक करेल, कोणी तंबाखूला निखारा नेईल, शेजारी गवत पडलंय हे बघणार नाही. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण जळेल. उंदराच्या वातीपर्यंत विचार पोचलाय! चुलीपाशी वावरलेल्या बाईलाच सुचावं असं हे.

इकडे नवी मुंबईत आमच्या गटातल्या बायका बांधकामाच्या तळावर चाळीस-पन्नास मजुरांचं जेवण करतात. ठेकेदार तांदूळ, तेल, गॅस सगळं हिशेबात धरतो. रांधणाऱ्या हातांचा दर विचारला की म्हणतो, "ताई, घरी करताच की."

घरी करतो, खरंय. पण घरी पहाटे चारला उठून दोनशे चपात्या लाटत नाही.

तेव्हा या महिन्यापासून आम्ही बिलात मजुरीचा वेगळा रकाना घातलाय. चार बायका, रोजचे तास, तासाचा दर. जळण आणि भांडी घासण्याची मजुरीही वेगळी. हिशेबाच्या वहीवर ठळक अक्षरात लिहिलंय, 'मुदपाकखाना'. ठेकेदाराने वाचून विचारलं, हे काय? आम्ही सांगितलं, खातं आहे. पहिल्या बिलावर त्याने अजून सही केलेली नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत, चौघी मिळून.