रहबरच्या तीन लिप्या

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले. त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्यावर भरभरून लिहिलं गेलं. रेडिओ सिलोन, १९५२ ला सुरू झालेली बिनाका गीतमाला, त्यांचा आवाज. त्यांच्या आईचा उल्लेख मला जिथे सापडला तिथे तो एका ओळीचा होता: आई कुलसुम सयानी या समाजसेविका होत्या. समाजसेविका हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा आहे. तो लिहिला की बाईने नेमकं काय केलं हे सांगावं लागत नाही.

कुलसुम सयानी यांचा जन्म १९०० मध्ये गुजरातेत झाला. वडील डॉक्टर रजबअली पटेल गांधीजींच्या परिचयातले होते. त्यांच्याबरोबर १९१७ मध्ये त्या गांधीजींना पहिल्यांदा भेटल्या. पुढे डॉ. जानमहंमद सयानी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईच्याच झाल्या. सासरचं घराणं राजकारणातलं होतं. १८९६ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष रहिमतुल्ला सयानी याच घराण्यातले. अशा घरातली स्त्री व्यासपीठावर बसून चार भाषणं करून मोकळी झाली असती तरी नाव राहिलं असतं. महिला परिषदांचा तो काळच होता. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक १९२७ मध्ये आपल्या पुण्यात भरली आणि दुसऱ्याच वर्षी दिल्लीत भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम तिच्या अध्यक्ष होत्या. पुढे १९४० च्या दशकात कुलसुम सयानी याच परिषदेच्या सरचिटणीस झाल्या. पण त्यांचं खरं काम त्याआधीच, मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यांत सुरू झालं होतं.

१९३७ ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि १९३९ मध्ये मुंबई शहरात प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. त्याच सुमारास कुलसुम सयानींनी पडद्यातल्या मुस्लिम बायकांना शिकवायचं ठरवलं. हाताशी शंभर रुपये आणि दोन शिक्षिका. वर्गावर बायका येणार नाहीत, म्हणून वर्गच बायकांकडे न्यायचा. एका चाळीत किंवा गल्लीत शिकायला तयार अशा चार-पाच जणी शोधायच्या, कुणाच्या तरी घरात त्यांना एकत्र बसवायचं आणि शिक्षिकेने तिथे जायचं.

हे वाचायला सोपं वाटतं. मी आमच्या जिल्ह्यातल्या एका महिला संघटनेचं काम बघते, शाळा सांभाळून. उर्दू आणि मराठी शिकवते. गेल्या आठवड्याचा हिशेब सांगते, म्हणजे ‘चार-पाच जणी शोधायच्या’ याचा अर्थ कळेल. सोमवारी दोन वाड्यांत फिरून सात बायकांनी वर्गाला येते म्हणून सांगितलं. मंगळवारी त्यातल्या तीन आल्या. बुधवारी एकीच्या सासूने निरोप पाठवला की दुपारी पाण्याची वेळ असते. गुरुवारी बचतगटाचं रजिस्टर जुळेना, शिल्लक एकशे वीस रुपये कमी येत होती, संध्याकाळपर्यंत तेच. शुक्रवारी जुम्मा, घरोघरी पाहुणे. शनिवारी तालुक्याला गेले ते एका विधवेच्या पेन्शनच्या कागदासाठी, आणि साहेब मीटिंगला गेले होते. रविवारी वर्ग झाला. बायका पाच. आठवडाभराच्या धावपळीतून शिकवणं म्हणाल तर दीड तास. अध्यक्ष म्हणून कुणी शाल घातली की मला हा दीड तास आठवतो.

आज माझ्याकडे फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे, स्कूटर आहे. १९३९ च्या शिक्षिकेला जिने चढूनच विचारावं लागत होतं, आज बसायचं का म्हणून.

याच रविवारच्या वर्गात एक खाला येतात. वय साठीच्या आसपास. साक्षरता पाहणीच्या फॉर्मात त्यांच्या नावापुढे निरक्षर अशी खूण होती. त्या पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, “टीचर, कुराण वाचते मी. तीनदा खतम केलंय. पण गाडीची पाटी कंडक्टरला विचारावी लागते.” अशी बाई निरक्षर म्हणायची का? तिला अक्षरं येतात, उजवीकडून डावीकडे नजर फिरवायची सवय आहे, जेर-जबर कळतं. अर्थ कळत नाही, कारण ती भाषा तिची नाही; आणि जी भाषा तिची आहे तिची लिपी तिला कुणी दिली नाही. फॉर्मात यासाठी रकाना नाही. आमच्या मोहल्ल्यांत अशा बायका घरोघरी आहेत, आणि मुंबईतल्या त्या पडद्यामागच्या खोल्यांतही असणार. त्यांना उर्दूतून सुरुवात करून दिली तर निम्मा रस्ता आधीच चालून झालेला असतो. अरबी अक्षरांत पे, चे, गाफ अशी थोडी भर घातली की ‘पानी’, ‘चावल’, ‘गाडी’ वाचता येतं. मग नागरी. माझा अनुभव असा की या क्रमाने बाई टिकते. पहिल्या दिवशी थेट ‘अ अननसाचा’ काढला की ती पुन्हा येत नाही. तिला वाटतं, आपल्याला जे येत होतं तेही हिशेबात धरलं नाही.

शिकवून झाल्यावर दुसरी अडचण येते, आणि कुलसुम सयानींची मोठी कामगिरी मला इथे दिसते. नव्याने वाचायला शिकलेली बाई वाचणार काय? मुलांच्या पुस्तकातला कावळा आणि कोल्हा तिला नको असतो. वर्तमानपत्राची भाषा जड, अक्षर बारीक. सहा महिने वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं पुसून जातं. हे मी फळ्यासमोर उभी राहून पाहिलंय. १९४० मध्ये त्यांनी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक सुरू केलं. रहबर म्हणजे वाट दाखवणारा. भाषा एकच, साधी, बोलण्यातली हिंदुस्तानी. लिप्या तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती.

तीन लिप्या म्हणजे काय काम, हे छापखान्याच्या बाजूने बघा. पाक्षिकाचे वर्षाला चोवीस अंक धरले तर तीन लिप्यांत ते बहात्तर होतात. नागरी आणि गुजरातीचे खिळे वेगळे, जुळारी वेगळे. त्या काळी उर्दू छपाई बहुतेक कातिबाच्या हातची, तो बोरूने पान लिहिणार आणि मग ते शिळेवर उतरणार. उर्दूत जे, जाल, ज्वाद, जोए अशी चार अक्षरं, नागरीत त्या सगळ्यांना मिळून एक ‘ज’ आणि फार तर त्याखाली एक नुक्ता. शब्दही असा हवा की तो भेंडीबाजारातल्या बाईला परका वाटू नये आणि भुलेश्वरातल्या बाईलाही. ‘प्रयत्न’ लिहायचं की ‘कोशिश’? प्रत्येक ओळीला हा प्रश्न. अमीन सयानी तेव्हा शाळकरी होते आणि या कामात आईला मदत करत. रेडिओवरच्या आपल्या सोप्या भाषेचं श्रेय ते या घरच्या तालमीला देत.

गांधीजींनी १६ जून १९४५ ला पत्र लिहून रहबरच्या हिंदी-उर्दू जोडण्याच्या कामाची तारीफ केली आणि त्याला यश चिंतलं. तारीख महत्त्वाची आहे. पुढच्याच महिन्यात, जुलै १९४५ मध्ये, गांधीजींनी हिंदी साहित्य संमेलनाचा राजीनामा दिला. वाद हाच होता: राष्ट्रभाषा एका लिपीत की दोन लिप्यांत. सप्टेंबर १९४६ मध्ये मुंबईत दंगल पेटली. वर्षभरात फाळणी. १४ सप्टेंबर १९४९ ला घटना समितीने नागरी लिपीतली हिंदी ही राजभाषा ठरवली. मोठ्या पातळीवर हिंदुस्तानी हरली होती. लिपीवरून माणसाचा धर्म आणि धर्मावरून त्याचा देश ठरवायची रीत पडली होती. अशा वेळी एका गृहिणीने चालवलेलं पाक्षिक त्याच मजकुराच्या तीन लिप्या छापत राहिलं, १९६० पर्यंत. वीस वर्षं. मला हे त्या काळच्या पुष्कळ ठरावांपेक्षा मोठं काम वाटतं. त्यांना पद्मश्री मिळाली, १९६९ चा नेहरू साक्षरता पुरस्कारही मिळाला. पण बी.एड.च्या वर्षात आम्हाला प्रौढ शिक्षणासाठी ब्राझीलचे पाउलो फ्रेरी शिकवले; भेंडीबाजाराचं उदाहरण कुणी दिलं नाही.

एक तक्रार माझीही आहे. रहबरमध्ये नागरी होती, मराठी नव्हती. कोकणातून मुंबईला गेलेल्या आमच्या लोकांची घरची बोली मराठीच्या कुळातली. त्यांच्या बायकांना नागरी अंक वाचता आला तरी त्यातली भाषा शेजारच्या घरातली होती, स्वतःच्या घरातली नव्हे. मुंबईत राहून हे सुटलं, याचं नवल वाटतं. अर्थात तेव्हा राष्ट्रभाषेचा प्रश्न समोर होता आणि गिरगाव-डोंगरीच्या बोलीचा विचार कुणाला सुचला नसेल. १९६० मध्येच राज्यं भाषेवर वेगळी झाली, आणि आता आमच्या उर्दू शाळेतली पोरं ‘शाळा’ उर्दूत लिहिताना लामवर अडतात, कारण ‘ळ’ला तिथे अक्षरच नाही.

आमच्या संघटनेने या महिन्यापासून वर्गातल्या बायकांसाठी एक पान काढायचं ठरवलंय. रेशनची तारीख, दवाखान्याची वेळ, एखादी रेसिपी. उर्दू आणि मराठी दोन्ही. बैठकीत आधी कुठली लिपी यावर अर्धा तास गेला. मग एकीनेच कागद मध्ये दुमडून दाखवला: उर्दू उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून, तेव्हा दोन्ही बाजूंना पहिलं पान. खजिनदार बाईंचा प्रश्न उरलाच आहे. झेरॉक्स दोन्ही बाजूंनी केली तर पैसे दुप्पट होतात.